'इस्लामोफोबिया'ला मराठीत काय म्हणायचं?

गिरणाकाठ
शिक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. विषय असा की अतिरेकी हल्ल्यांच्या धास्तीमुळे मुसलमानांकडे बघण्याची लोकांची नजर कशी बदलली. 'इस्लामोफोबिया' पानोपानी येतो. 'इस्लामभय' लिहिलं होतं, मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'मुस्लिमद्वेष' केलं. त्यांचं म्हणणं, 'भय' वाचून माणूस म्हणेल, बॉम्ब फुटल्यावर भय वाटणारच की. ब्रिटनमधल्या रनीमीड ट्रस्टच्या 1997 च्या अहवालाने हा शब्द रुळवला. त्यात भीती आणि तिटकारा दोन्ही धरले आहेत. एका शब्दात दोन्ही बसतील का?

शब्दकुटी
मुद्रितशोधकांचा कान बरोबर आहे, कारण मात्र व्याकरणात आहे. पंचमी तत्पुरुषाचं शाळेतलं ठरलेलं उदाहरण 'चोरभय', म्हणजे चोरापासून भय. त्याच साच्यात 'इस्लामभय' घातलंत की इस्लाम चोराच्या जागी जाऊन बसतो आणि भयाला आधार आहे हे समासानेच कबूल करून टाकलेलं असतं. मानसशास्त्रात फोबियाला 'भयगंड' आहे. गंड लावला की भय अवाजवी ठरतं. 'इस्लामभयगंड' हा सात अक्षरी शब्द तोंडात गोटी धरून बोलल्यासारखा आहे खरा, पण अर्थाने नेमका.

वकीलआप्पा
गंड नको. गंड म्हटलं की आजार आला, आणि आजाऱ्याला दोष कोण देणार? आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' म्हणणारा घरमालक घाबरलेला नसतो. शेजारी काय म्हणतील, उद्या घर विकताना भाव पडेल का, असा थंड डोक्याचा हिशेब असतो तो. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने 2021 मध्ये भारताची मोठी पाहणी प्रसिद्ध केली, सुमारे 30,000 लोकांची. त्यात 36 टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको असं सांगितलं. एवढ्या लोकांना गंड झाला म्हणायचं? याला साधा भेदभाव म्हणा.

शुद्धलेखक
'इस्लामविरोध' पुरेसा आहे. शिवाय पुस्तिकेत 'दहशतवाद' असेल तर तोही काढा, 'आतंकवाद' जरूर वापरा. दहशत अरबी आहे. मराठीला फक्त संस्कृतचा आधार पुरे, त्याला कुणाची हरकत नसावी. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशापासून चालत आलेली ही रीत आहे. आणि 'मुस्लीम' दीर्घ, अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार.

तापीमाय
शिवाय, जरूर, फक्त, हरकत. अरबी नको म्हणताना चार अरबी शब्द लागले, दादा. फिर्याद, जामीन, वकील, मुद्देमाल हे काढले तर उद्या कोर्टच उघडणार नाही. 'आतंक' म्हणाल तर आयुर्वेदात त्याचा अर्थ रोग, शिवाय (हो, मीसुद्धा) मराठी कानाला तो हिंदी बातम्यांतून आलेला वाटतो.

'इस्लामविरोध' तर मुळीच नको. हमीद दलवाईंनी 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, धर्मातल्या रूढींवर कडक टीका केली. त्यांना कुठे बसवणार? धर्माची चिकित्सा आणि माणसाचा दुस्वास एकाच शब्दात कोंबले की दोन्हीकडची माणसं सोयीने त्याआड लपतात.

गिरणाकाठ
म्हणून 'मुस्लिमद्वेष' माणसापुरता ठीक वाटत होता. पण पुस्तिकेतच उदाहरण आहे: 15 सप्टेंबर 2001, अमेरिकेत ॲरिझोनातलं मेसा, पगडी आणि दाढी बघून एका शीख पंपमालकाला गोळी घातली. एफबीआयच्या नोंदीत मुस्लीमविरोधी गुन्ह्यांच्या घटना 2000 मध्ये 28 आणि 2001 मध्ये 481. मेलेला मुसलमानच नाही, तर 'मुस्लिमद्वेष' कसा म्हणायचा?

शब्दकुटी
द्वेष मारणाऱ्याचा असतो, मेलेल्याची जात-धर्म त्यात मोजत नाहीत. शब्द चालेल.

कळणाभाकर
तुम्ही मथळ्याच्या शब्दावर अडून बसलात. नजर बदलते ती रोजच्या बातमीतल्या बारक्या शब्दांनी. पुस्तिकेत त्यांना एक प्रकरण द्या.

पहिला शब्द 'संशयित अतिरेकी'. इथे संशयित हे विशेषण आहे, ऐकणाऱ्याच्या कानात नाम तेवढं उरतं. 'अतिरेकी कारवायांच्या संशयावरून ताब्यात घेतलेला' असं लिहिलं की जागा जास्त लागते, पण संशय घेणारा कोण हे विचारता येतं.

दुसरं, 'मुस्लीम तरुणाला अटक'. पोलिसांच्या कागदात वय, धंदा, राहणार एवढं असतं. बातमीलाही तेवढं पुरावं. धर्म हा गुन्ह्याच्या कारणाचा भाग असेल तरच लिहायचा, आणि मग सगळ्यांचाच.

तिसरं, पायऱ्यांची सरमिसळ. 'ताब्यात' म्हणजे अटक नव्हे. अटकेनंतर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला की पोलीस कोठडी 15 ऐवजी 30 दिवसांपर्यंत जाते, दोषारोपपत्राची मुदत 90 वरून 180 दिवसांपर्यंत वाढवून मिळते, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर कोर्ट जामीन देत नाही. 'अजून जामीन नाही म्हणजे काहीतरी असणारच' हे पारावरचं वाक्य इथून येतं. जामीन न मिळणं हा कायद्याच्या रचनेचा परिणाम आहे, पुराव्याचं वजन नव्हे.

वकीलआप्पा
त्यात एक भर. शेवटाला बातमीत एकच शब्द, 'सुटका'. बाहेर पडायच्या वाटा मात्र तीन. पुरावा अपुरा म्हणून तपास अधिकारीच सोडतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 169. खटला सुरू होण्याआधी न्यायाधीश म्हणतो की आरोप ठेवण्याइतकंही काही नाही, कलम 227, हा 'आरोपमुक्त'. खटला पूर्ण चालून आरोप सिद्ध झाला नाही, ती 'निर्दोष मुक्तता'. (1 जुलै 2024 पासून नवी संहिता आहे, कलमांचे आकडे बदलले, वाटा त्याच.)

मालेगाव घ्या. जिल्हा नाशिक असला तरी बाजार आणि बोली आपल्या खानदेशाचीच. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बारात, कब्रस्तान आणि मशिदीजवळ स्फोट. मेलेले बहुतेक मुसलमान आणि अटक झालेले नऊही मुसलमान. तपास राज्याच्या एटीएसकडून (दहशतवादविरोधी पथक) सीबीआयकडे, तिथून एनआयएकडे (राष्ट्रीय तपास संस्था). एनआयएने 2013 मध्ये वेगळ्याच लोकांवर दोषारोपपत्र ठेवलं आणि एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने आधीच्यांना आरोपमुक्त केलं. म्हणजे त्यांच्यावर खटला चाललाच नाही. तरी लोक म्हणतात, 'पुराव्याअभावी सुटले'. पुरावा तोलायची वेळच आली नव्हती.

शुद्धलेखक
पण 'निर्दोष' तरी कसं म्हणावं? आरोप सिद्ध न होणं वेगळं, निर्दोष असणं वेगळं. भाषा काटेकोर हवी.

वकीलआप्पा
काटेकोर हवी तर दोन्ही हातांना एकच काटा लावा. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना सोडलं. 31 जुलैला विशेष न्यायालयाने मालेगावच्याच 2008 मधल्या दुसऱ्या स्फोटातल्या सातही जणांना. दोन्हीकडे कारण एकच, आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही. दहा दिवसांचं अंतर, पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. त्या दोन दिवसांची कात्रणं शेजारी ठेवा, आपल्या तोंडून कुणासाठी 'पुराव्याअभावी' निघालं आणि कुणासाठी 'निर्दोष' ते बघा. आणि 'सन्मानपूर्वक मुक्तता' संहितेत कुठेच नाही, ती नोकरीच्या प्रकरणांत चालते.

आणखी एक घोळ 'स्थगिती'चा. 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने लोकल प्रकरणाच्या निकालाला स्थगिती दिली, ती एवढ्यापुरती की तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायचं नव्हतं. मथळ्यात नुसतं 'निकालाला स्थगिती' आलं की वाचणाऱ्याला वाटतं, पुन्हा आत गेले.

तापीमाय
'संवेदनशील' राहिला. साहित्यात कवी संवेदनशील, बंदोबस्ताच्या यादीत मोहल्ला. शांतता समितीच्या बैठकीत 'मिश्र वस्ती' म्हणतात तो त्यापेक्षा बरा, निदान दोन्ही घरं दिसतात. 2023 मध्ये विसर्जन आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकाच दिवशी आले. बऱ्याच गावांत मुसलमानांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. अशा बातमीला 'संवेदनशील' भागातून काढलेली मिरवणूक म्हणायचं की 'समजूतदार'?

कळणाभाकर
नावावरून धर्म ओळखायची खोडही घ्या त्या प्रकरणात. यावल-रावेर-चोपड्याकडचा तडवी भिल्ल मुसलमान, अनुसूचित जमातीत. नंदुरबारकडे, अक्कलकुव्यात गेलात तर तडवी आडनावाचा माणूस मुसलमान नसतो, तो यादीत धानका गटाखाली येतो. एकाच आडनावावर दोन गावांत दोन नजरा.

गिरणाकाठ
हे उपयोगी आहे. पण मूळ शब्द अजून ठरला नाही. 'मुस्लिमद्वेष' की 'मुस्लिमभयगंड'?

शब्दकुटी
अहिराणीत 'माले त्याना भेव वाटस' म्हटलं की भेव कुणाला ते आधी येतं. समासात नेमकं तेच गळतं. समास सोडा, वाक्यच लिहा: 'मुसलमानांविषयीची भीती आणि आकस'.

शुद्धलेखक
लांब होतं. आणि पुस्तिकेवर 'खानदेश' छापू नका, 'कान्हदेश' हे मूळ नाव.

तापीमाय
मूळ कशावरून? इथल्या फारूकी सुलतानांना 'खान' किताब मिळाला त्यावरून नाव पडलं असं गॅझेटियर सांगतं. आधी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. 1601 मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने शहजादा दानियालच्या नावाने 'दानदेश' केलं, ते टिकलं नाही.

शुद्धलेखक
गॅझेटियर इंग्रजांनी लिहिलं. कृष्णाच्या नावाची परंपरा त्याआधीची आहे.

कळणाभाकर
वेगळा धागा काढा भो. आणि तिथे आधी हे ठरवा की 'खानदेश'चा न पूर्ण लिहायचा की अर्धा.