जगबुडीच्या गोष्टी वाचायचं वय : अनुभव धागा

आमचा मुलगा आठवीत आहे. सगळा उन्हाळा त्यानं जग संपल्याच्या विज्ञानकथा वाचण्यात घालवला. नातेवाईक म्हणतात, पोरगं उदास होईल, काढून घ्या ती पुस्तकं. मला ते पटत नाही. ह्या गोष्टींत मोठी माणसं नाहीशी झालेली असतात. पाणी कुठून आणायचं, धाकट्याला कसं सांभाळायचं, हे पंधरा वर्षांच्या मुलांना ठरवावं लागतं. घरी आपण त्यांना आज भाजी कोणती करू, एवढंही विचारत नाही. नागपुरात ह्या वयात तुम्ही हे वाचलं असेल किंवा जगला असाल, तर जरूर लिहा.

महाल
जुलै 1979. मी तेरा वर्षांची. अमेरिकेची 77 टनांची अंतराळ प्रयोगशाळा, स्कायलॅब, पडणार होती आणि कुठे पडेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. आजीनं पुरण घातलं. वाटणीवरून काकांचं आमच्याशी बोलणं बंद होतं. त्या रात्री ते गादीची वळकटी घेऊन दारात उभे राहिले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त सरकून जागा केली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. आता नातवाच्या कादंबऱ्या वाचते तेव्हा आकाशातून काय येतंय ह्यापेक्षा कोण कोणाच्या दारात जातंय, तेच शोधते.

सीताबर्डी
माझं थोडक्यात. आपली टेकडी लाव्हाची आहे. मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप 1850 च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीच्या आसपास लाव्हाच्या थरांमधल्या मातीत जीवाश्म शोधत होते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्याच काळातला हा लाव्हा. दोन लोटांच्या मधल्या शांततेत इथं तळी साचली, गोगलगायी राहिल्या. अकरावीत हे कळल्यापासून मला प्रलयकथेतला मधला, काहीच न घडणारा भाग सर्वांत आवडतो.

मानेवाडा
मी मुलांचा वाचनवर्ग घेते. प्रलयकथा लिहा म्हटलं की आधी न्यूयॉर्कच बुडतं. म्हणून अट घातली, आपल्या गल्लीपासून सुरुवात करा. एका नववीतल्या मुलानं लिहिलं : मे महिना, वीज कायमची गेली. खिडकीतल्या खसच्या ताट्या वाळून हात लावताच काड्या गळतात. सगळे आळीपाळीनं तांब्यानं पाणी मारतात. मग आई म्हणते, आता मारू नका, प्यायला लागेल. एवढीच गोष्ट. 2013 च्या मे महिन्यात पारा 47 च्या वर गेला होता, त्या शहरात ह्याला परग्रहावरचे लोक लागतच नाहीत. वर्गात वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

अंबाझरी
महालच्या काकू, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला तेव्हा मी दहावीत होते. तळमजला. काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस. माझ्या उशाशी बुडालेल्या शहराची कादंबरी होती, शेवटची चाळीस पानं राहिली होती. पाणी पलंगाला लागलं तेव्हा मी आधी वरच्या मजल्यावरच्या आजींचं दार वाजवलं. पुस्तकातली मुलगी तेच करते म्हणून, की तेव्हा सुचलंच तेवढं, सांगता येत नाही. आजींनी चहा केला. आम्ही नऊ जण त्यांच्या एका खोलीत होतो.
पुस्तक नंतर गच्चीवर वाळवलं. पानं चिकटून पापडासारखी झाली. ती चाळीस पानं अजून सुटलेली नाहीत, आणि दुसरी प्रत मी आणलेली नाही.