मदत हवी आहे: दवाखान्याच्या पाटीवर एक साप की दोन?

नमस्कार मंडळी. ताईच्या नव्या दवाखान्याची पाटी करायला टाकली आहे. रेडियमवाल्याने नमुना आणला: पंख असलेला दंड आणि त्याला दोन साप. डॉक्टरांच्या गाड्यांवर असतो तोच. पण हा दंड हर्मीसचा. तो ग्रीक देवांचा दूत, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव, शिवाय मेलेल्यांना पाताळात पोचवणारा! दवाखान्याच्या दारावर तो मला अजिबात नको आहे.

वैद्यकाचा देव अस्क्लेपियस. त्याची साधी काठी, एकच साप, पंख नाहीत. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या त्याच्या देवळात रोगी रात्री झोपायचे, देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो या श्रद्धेने. कात टाकून नवा होणारा साप म्हणजे बरं होणं, हे मला फार भावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हातही एकच साप आहे. दोन सापांचा घोळ पसरला तो मुख्यतः अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने 1902 मध्ये हर्मीसचा दंड घेतल्यापासून.

इथल्या डॉक्टरांनी कृपया सांगा, एका सापाचं चिन्ह पाहून पेशंटना दवाखाना ओळखू येतो का? आणि कुणाकडे त्याची कटिंगला चालेल अशी कोरलड्रॉ फाइल आहे का? शुक्रवारी पाटी कापायला जाणार आहे.