पॉझिक्स थ्रेड : उबुंटूवर चालणारा प्रोग्रॅम मॅकओएस आणि अल्पाइनवर का अडतो?

प्रश्न – शिरोलीचा प्रोग्रॅमर

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी मी सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला आहे. भट्टीवरच्या चार थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांची) वाचने चार थ्रेड (प्रोग्रॅममधले समांतर चालणारे धागे) घेतात, चौघांचे काम झाले की ते बॅरियरपाशी (सगळे येईपर्यंत प्रत्येकाला थांबवणाऱ्या नाक्यापाशी) एकत्र येतात आणि सेमाफोरची (थ्रेडला थांबवणाऱ्या-सोडणाऱ्या सिग्नलची) खूण मिळाल्यावर पाचवा थ्रेड ती वाचने फाइलमध्ये लिहितो. उबुंटू लिनक्सवर हा प्रोग्रॅम महिनाभर बिनतक्रार चालला. घरच्या मॅकवर मात्र बॅरियरचा प्रकारच कंपायलरला सापडेना. बॅरियर काढून पाहिला, तर प्रोग्रॅम चालला, पण फाइलमध्ये अर्धवट वाचने उतरली. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर थ्रेड सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येऊन प्रोग्रॅम कोसळतो. मॅकओएस हे प्रमाणित युनिक्स आहे आणि उबुंटूकडे तसे प्रमाणपत्र नाही. मग असे उलटे का व्हावे?

उत्तर – राजारामपुरीहून

प्रमाणपत्र खरे आहे, पण ते मानकाच्या कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहायला हवे. थ्रेड पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) आले ते १९९५ च्या १००३.१सी या दुरुस्तीने. मॅकला २००७ मध्ये, १०.५ आवृत्तीच्या वेळी, जे युनिक्स ०३ प्रमाणपत्र मिळाले, ते २००१ च्या मानकावर बेतलेले आहे आणि त्या मानकात बॅरियर व सेमाफोर हे दोन्ही ऐच्छिक भाग होते. ते सक्तीचे झाले २००८ च्या आवृत्तीत. त्यामुळे बॅरियर न देताही मॅकओएस आपल्या प्रमाणपत्राशी प्रामाणिकच राहते.

अर्धवट वाचनांचे एक कारण बॅरियर काढणे हे आहेच, पण मला दुसरी शंका सेमाफोर तयार करणाऱ्या सेम_इनिटची येते. मॅकवर हे फंक्शन हेडरमध्ये आहे, लिंकही होते, कंपायलर फक्त ते कालबाह्य असल्याचा इशारा देतो. प्रत्यक्षात ते उणे एक परत करते आणि एररनो या चुकीच्या नोंदीत ‘ईनोसिस’ (ही सोय उपलब्ध नाही) ठेवते. ते मूल्य आपण तपासले नसेल, तर पुढचा सेम_वेट (खुणेची वाट पाहणारे फंक्शन) न थांबता अपयशाने परततो आणि लिहिणारा थ्रेड कोणाचीही वाट न पाहता लिहीत सुटतो.

म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) आणि कंडिशन व्हेरिएबल (अट पूर्ण होईपर्यंत थ्रेडला झोपवणारी सोय) मात्र सगळीकडे आहेत. त्यांवर स्वतःचा बॅरियर उभारावा. त्यात पोहोचलेल्यांची मोजणी पुरत नाही, फेरीचा क्रमांकही ठेवावा लागतो. तो नसेल, तर चपळ थ्रेड पुढच्या फेरीत शिरून मोजणी पुन्हा वाढवतो आणि मागचा अजून जुन्याच फेरीत झोपलेला राहतो. प्रत्येक थ्रेडने आत येताना क्रमांक टिपून घ्यावा आणि तो बदलेपर्यंतच थांबावे.

उत्तर – जुना सिस्टिम अ‍ॅडमिन, मंगळवार पेठ

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. अल्पाइनचे दुखणे वेगळे आहे. आपल्या वाचन-फंक्शनमध्ये मोठा स्थानिक अ‍ॅरे आहे का? अल्पाइनची मसल ही सी लायब्ररी नव्या थ्रेडला सुमारे १२८ किलोबाइटचाच स्टॅक (स्थानिक व्हेरिएबलची जागा) देते, मॅक ५१२ किलोबाइट देते, तर उबुंटूची सी लायब्ररी ग्लिबसी तो प्रक्रियेच्या मर्यादेवरून घेते आणि ती बहुधा ८ मेगाबाइट असते. हा आकडा पॉझिक्सने ठरवूनच दिलेला नाही, म्हणून मसलला दोष देता येणार नाही. थ्रेड तयार करताना हवा तेवढा स्टॅक अ‍ॅट्रिब्यूटमधून मागणे हे आपले काम आहे.

लिनक्सही मानकाला नेहमीच धरून होते असे नाही. २००२ च्या सुमारास मी सांभाळत असलेला एकच सर्व्हर प्रोग्रॅम चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या पीएसच्या यादीत बारा ओळींत दिसत असे, कारण तेव्हाच्या लिनक्सथ्रेड्स लायब्ररीत प्रत्येक थ्रेडचा प्रक्रिया-क्रमांक वेगळा असे आणि सिग्नल नेमका कोणाला पोहोचेल याचा भरवसा नसे. उलरिक ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांची एनपीटीएल ही नवी थ्रेड लायब्ररी फ्युटेक्स या कर्नलच्या सोयीच्या आधारावर आली आणि २.६ कर्नलबरोबर रुळली, तेव्हा ही अडचण गेली. तरी एक फरक आजही उरला आहे : मानकानुसार नाइस मूल्य (अग्रक्रमाचा आकडा) संपूर्ण प्रक्रियेचे असते, लिनक्सवर ते एकेका थ्रेडचे असते. पाचव्या थ्रेडचा अग्रक्रम बदलणार असाल, तर हे ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अ‍ॅरे ३०० किलोबाइटचा निघाला. स्टॅक १ मेगाबाइट मागताच अल्पाइनवरचा फॉल्ट थांबला. मॅकवर सेम_इनिटचे मूल्य छापून पाहिले, तर खरोखरच उणे एक आले. सेमाफोर काढून कंडिशन व्हेरिएबल घातले आहे आणि फेरीच्या क्रमांकासह बॅरियर आज रात्री लिहायला घेतो.