डाइव्ह कॉम्प्युटर खोली चुकीची दाखवतोय, वॉरंटी संपलीय, सर्व्हिस सेंटर म्हणतं "पाणी शिरलं". आता काय करावं?

पाणडुबा_७

मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आहे (पाण्याखाली खोली आणि वेळ मोजून सुरक्षित मर्यादा सांगणारं यंत्र). वय २ वर्षं ७ महिने, वॉरंटी २ वर्षांची. बॅटरी सीआर२४५०, घरी बदलता येणारी.

लक्षणं: डाइव्ह संपवून बोटीवर आल्यावरही पडद्यावर १.६ मीटर खोली अडकून राहते, त्यामुळे डाइव्ह बंदच होत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कधीतरी शून्यावर येते. शिवाय मागच्या ४ डाइव्हपैकी २ मध्ये १८ मीटरवर असताना आकडा मध्येच २७ वर जाऊन परत आला. बडीचा (सोबतच्या डायव्हरचा) कॉम्प्युटर त्या वेळी १८ च दाखवत होता.

सर्व्हिस सेंटरचं तोंडी उत्तर: "आत ओलावा आहे, झाकण नीट लावलं नसणार, वॉरंटी संपली आहे. दुरुस्ती होत नाही, जुना जमा करा आणि नवा सवलतीत घ्या." लेखी काही दिलं नाही. कॉम्प्युटर न उघडता परत आलाय असं वाटतं.

२२व्या महिन्यात दुकानाला मेल केली होती की खोली शून्यावर यायला वेळ लागतो. "बॅटरी बदला" असं उत्तर आलं. बदलली, फरक पडला नाही.

हा दोष सेन्सरचा की खरंच पाणी शिरल्याचा, हे घरी ठरवता येतं का? आणि वॉरंटी संपल्यावर भांडण्यात अर्थ आहे का?

खारं_पाणी

सगळ्यात आधी: हा कॉम्प्युटर घेऊन पाण्यात उतरू नका, "बॅकअप म्हणून" सुद्धा नाही. खोली कमी दाखवणारा सेन्सर तुम्हाला नसलेला नो-डेको वेळ (वाटेत सक्तीने न थांबता थेट वर येता येईल इतका वेळ) देतो, आणि जास्त दाखवणारा खोटा डेको (वर येताना सक्तीचे थांबे) देऊन शेवटी स्वतःला लॉक करून घेतो. डाइव्हच्या मध्येच असं झालं तर डाइव्ह संपवायची, मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर यायचं, ५ मीटरवर ३ ते ५ मिनिटं थांबायचं. बडीचा कॉम्प्युटर उसना घेऊन पुढची डाइव्ह करायची नाही, कारण त्याला तुमच्या शरीरातला नायट्रोजन माहीत नसतो. निदान २४ तास कोरडं राहा.

आता निदान. अशा तक्रारींमागे बहुधा चार कारणं असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

पहिलं, ओले संपर्कबिंदू. पाणी ओळखणारे धातूचे दोन टिकले असतात, त्यांच्यामध्ये मिठाचा थर बसला की कॉम्प्युटरला आपण पाण्यातच आहोत असं वाटत राहतं. पण तेव्हा डाइव्ह मोड चालू आणि खोली ०.० असते. तुमच्याकडे १.६ दिसतंय, म्हणजे दाब मोजणाराच दाब जास्त सांगतोय. हे कारण बाद.

दुसरं, सेन्सरच्या तोंडाशी साचलेलं मीठ. मागच्या किंवा कडेच्या बारीक छिद्रांच्या आत सेन्सरवर जेलचा मऊ थर असतो. छिद्रं मिठाने बुजली की आत दाब अडकतो आणि वर आल्यावर हळूहळू सुटतो. तुमचं पहिलं लक्षण याच्याशी जुळतं, म्हणून आधी हे करून बघा: कोमट गोड्या पाण्यात (हाताला सहज सोसेल इतपत) रात्रभर बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. छिद्रात पिन, टूथपिक, ब्रश काहीही घालू नका. टाकीची हवा किंवा नळाची जोरदार धार मारू नका. जेलला एक ओरखडा पुरतो, आणि मग तुम्हीच सर्व्हिस सेंटरच्या हातात कोलीत दिलेलं असतं. सिलिकॉन स्प्रेही नको.

तिसरं, बॅटरी. मीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगला असं नाही. थंड पाण्यात आणि बॅकलाइट लावल्यावर अंतर्गत रोध वाढलेल्या सेलचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो. पण मग कॉम्प्युटर रीसेट होतो किंवा पडदा जातो. ९ मीटरची उडी मारून मुकाट्याने परत येत नाही.

चौथं, सेन्सर स्वतः. आतला सांधा गंजणं, जेलखाली पाणी जाणं, सेन्सरमधला दाब झेलणारा पातळ पडदा कायमचा वाकणं. उड्या आणि अडकलेली खोली ही जोडी बहुतेक इथेच बोट दाखवते.

तपासायचं असं: तुमचा आणि आणखी दोन चांगले कॉम्प्युटर जाळीच्या पिशवीत एका पातळीत बांधा (१० सेंटिमीटरचा फरकही दिसतो). सगळ्यांचं तापमान सारखं व्हायला १५ मिनिटं उथळ पाण्यात ठेवा. मग वजन लावून, दोरीने, ३ मीटर खोल तलावाच्या तळाशी २० मिनिटं. तुम्ही उतरायची गरज नाही. गोड्या पाण्यात समुद्राच्या सेटिंगवरचे कॉम्प्युटर थोडं कमी दाखवतात. ईएन १३३१९ (खोलीमापकांचं युरोपीय मानक) च्या मापाने १० मीटर म्हणजे १ बार, त्यामुळे ३ मीटरला साधारण २.९ दिसेल. ते चुकीचं नाही. बघायचं काय, तर तुमचा इतर दोघांपासून किती लांब आहे, २० मिनिटांत आकडा सरकतो का, आणि वर काढल्यावर किती वेळाने शून्य होतो. तिन्हींचे पडदे एका फोटोत घ्या.

शून्यमीटर

वरच्यात एक भर. ज्यांचा कॉम्प्युटर उलट, म्हणजे दाब कमी सांगतो, त्यांना जमिनीवर खोली दिसणारच नाही. बहुतेक कॉम्प्युटर पाण्याबाहेरचा दाब "पृष्ठभाग" म्हणून धरतात, त्यामुळे आपण डोंगरावर आहोत असं समजून ते उंचीचा टप्पा आपोआप बदलतात. समुद्रकिनारी उंचीचं चिन्ह दिसलं तर सेन्सरवर संशय घ्या. मिलिबारमध्ये दाब दाखवणारं मॉडेल असेल तर हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून बघा, पण तो आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. दर ८ मीटर उंचीला सुमारे १ मिलिबार वजा करा, नाहीतर चांगला सेन्सर बिघडलेला ठरेल.

आणि व्हिनेगर फक्त टिकल्यांवरचा पांढरा चुन्याचा थर काढायला, कापसाच्या काडीने. सेन्सरच्या छिद्रांपाशी नाही.

सीलबंद

भांडणाचं बोलतो. "पाणी शिरलं" हे निदान नाही, तो फक्त परिणाम आहे. कुठून शिरलं हा खरा प्रश्न. बॅटरीच्या झाकणातून शिरलं तर ते तुमच्या माथी मारता येतं. सेन्सरच्या किंवा बटणाच्या सीलमधून शिरलं तर ते बनावटीचं किंवा झिजेचं काम आहे, तिथे तुमचा हात पोचतच नाही.

बॅटरीचं झाकण उघडा, उजेडात फोटो काढा. खोबण कोरडी आहे का, स्प्रिंगवर हिरवट-पांढरा गंज आहे का, ओ-रिंग (झाकणाखालची रबरी कडी) चपटी झालीय का, तिच्यावर केस किंवा वाळूचा कण आहे का, हे दिसायला हवं. एकच केस पुरे होतो. आणि गळती बऱ्याचदा खोलवर नाही, पहिल्या एक-दोन मीटरमध्येच होते, कारण खोलीवरचा दाब ओ-रिंगला उलट खोबणीत घट्ट दाबतो. अनेक मॉडेलमध्ये बॅटरीचा कप्पा आणि सर्किटचा कप्पा वेगळे सील केलेले असतात. कप्पा कोरडा असेल तर "झाकण नीट लावलं नाही" हा मुद्दा तिथेच संपतो. मुख्य केसचे स्क्रू मात्र उघडू नका.

आत ओलावा आहे का याची घड्याळवाल्यांची एक पद्धत: कॉम्प्युटर घरातल्या नेहमीच्या तापमानाला असताना काचेवर बर्फाचा खडा मिनिटभर धरा, पुसा. काचेच्या आतून धुकं आलं तर ओलावा आहे.

सेंटरला लेखी विचारा: दाबाच्या टाकीत १०, २०, ३० आणि ४० मीटरला, जाताना आणि येताना, कॉम्प्युटरने काय दाखवलं? उघडला असेल तर आतले फोटो कुठे? पाणी कोणत्या सीलमधून आलं? तुमच्या मॅन्युअलमधली अचूकतेची मर्यादा उद्धृत करा. काहींत ती पूर्ण मापनकक्षेच्या १% असते, म्हणजे ८० मीटरच्या कक्षेला ०.८ मीटर. तुमचे १.६ त्याच्या दुप्पट आहेत, ९ मीटरच्या उडीचं तर बोलायलाच नको.

आणि तुमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती २२व्या महिन्याची मेल. तक्रार वॉरंटीच्या आत नोंदवली गेली. दुकानाने चुकीचा उपाय सांगून वेळ घालवला म्हणून दोष नवा होत नाही. पत्राची पहिली ओळ तीच असू द्या.

त्याखेरीज कंपनीची वॉरंटी आणि कायद्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते. इंग्लंडमध्ये ६ वर्षांपर्यंत दावा करता येतो, पण पहिल्या ६ महिन्यांनंतर दोष मुळातला होता हे ग्राहकाला दाखवावं लागतं. भारतात ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात. म्हणून पत्र आधी विक्रेत्याला, प्रत आयातदाराला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला.

सीरियल नंबर रिकॉल यादीत आहे का तेही बघा, कारण रिकॉलला वॉरंटीची मुदत लागू नसते. १९९५-९६ मध्ये विकलेले उवाटेक कंपनीचे अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स कॉम्प्युटर २००३ मध्ये परत मागवले गेले. पृष्ठभागावर असतानाही डायव्हर नायट्रॉक्सच (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) श्वासात घेतोय असं धरून ते हिशोब करत होते. सुउन्टो कंपनीच्या प्रेशर सेन्सरवरूनही अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन सेन्सर बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं ठरलं.

पाणडुबा_७

बॅटरीचा कप्पा खडखडीत कोरडा, स्प्रिंग चकचकीत. बर्फाने धुकं आलं नाही. रात्रभर कोमट पाण्यात ठेवूनही फरक नाही. तलावात ३ मीटरला बाकी दोघे २.९, माझा ३.४ पासून सुरू होऊन २० मिनिटांत ४.३. वर काढल्यावर १.४ वर अडकला, १२ मिनिटांनी शून्य.

खारं_पाणी

मग सेन्सरच. स्थिर दाबाखाली आकडा सरकतोय, याला मीठ किंवा बॅटरी कारण देता येणार नाही.

पाठवण्याआधी लॉग उतरवून घ्या, सर्व्हिसमध्ये मेमरी पुसली जाते. सबसर्फेस हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक मॉडेल वाचतं. त्यात तुमची आणि बडीची प्रोफाइल (वेळेनुसार खोलीचा आलेख) शेजारी लावा. लॉग १० सेकंदांना एक नोंद घेत असेल तर १८ वरून २७ म्हणजे मिनिटाला ५४ मीटरचा वेग. माणूस असा खाली जात नाही, आणि हे एक चित्र दोन पानी पत्रापेक्षा जास्त काम करतं.

सीलबंद

तलावाचे आकडे, कप्प्याचा फोटो, प्रोफाइल आणि जुनी मेल एकत्र जोडा. मागणी एकच आणि स्पष्ट लिहा: सेन्सर बदलून द्या किंवा त्याच दर्जाचा कॉम्प्युटर द्या, १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. "योग्य ती कारवाई करावी" असं लिहिलं की काहीच होत नाही.

सवलतीतल्या बदलीला लगेच हो म्हणू नका. जुना जमा केला की तुमचा पुरावा गेला. घ्यायचीच वेळ आली तर आधी तीन गोष्टी लेखी घ्या: देणार तो नवा की दुरुस्त केलेला, त्यावर वॉरंटी किती, आणि जुना हक्क सोडल्याची सही मागताहेत का.

पाठवताना सीरियल नंबर दिसेल असा फोटो, पडद्यावर १.४ अडकलेला असतानाचा व्हिडिओ, आणि पोच मिळेल असं पार्सल. पट्टा काढून घ्या, तो हरवतो. बॅटरी बदलून मिळाली तर झाकणाची दाब-चाचणी केल्याची नोंद पावतीवर मागा.