साठ विद्यार्थी, प्रत्येकी सात मिनिटं: भेटींच्या वेळा कशा लावता?

सबमिशन जवळ आलं की स्टाफरूमच्या दाराशी जर्नलं घेतलेल्या मुलांची रांग लागते. हिशोब साधा आहे: ६० मुलं, प्रत्येकी ७ मिनिटं, म्हणजे निव्वळ ७ तास. ५० मिनिटांच्या तासिकेत कागदावर ७ भेटी बसतात, पण मूल आत येऊन, बसून, पान उघडेपर्यंत मिनिटभर जातंच. म्हणून ६ धरा. १० तासिका लागतील. या वेळा वाटायच्या कशा? वापरून टिकलेली पद्धत लिहा, आणि ती कुठे फसते तेही.

कनिष्ठ महाविद्यालय, रसायनशास्त्र

मुलांना वेळ निवडायला सांगूच नये. रोल नंबरप्रमाणे आपणच लावावी. ए-फोर कागद आडवा, रकाने चार: वेळ, रोल नंबर, काय आणायचं, सही. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'प्रयोग १ ते ८, अनुक्रमणिका भरलेली, आलेख चिकटवलेले' असं लिहिलं नाही, तर सातातली तीन मिनिटं आलेख शोधण्यात जातात. दर सहावी ओळ कोरी सोडायची, लांबलेलं काम तिथे मुरतं. अदलाबदल चालेल, पण दोघांच्या सह्या हव्यात आणि ती आदल्या दिवशी दुपारपर्यंत व्हायला हवी. पुढच्या खेपेला यादी शेवटच्या नंबरापासून सुरू करा. नाहीतर पहिले दहा जण कायम अपुऱ्या जर्नलनिशी येतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

अभियांत्रिकी, प्रकल्प मार्गदर्शन

निवड अजिबात द्यायची नाही हे मला पटत नाही. प्रकल्पाच्या गटात चौघं असतात, आणि चौघांच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या असल्या तर आपण लावलेली वेळ मोडतेच. गूगल शीट ठेवा, पण नुसती लिंक टाकून मोकळे होऊ नका. तारीख-वेळेचे रकाने संरक्षित करा, फक्त गट क्रमांकाचा रकाना उघडा. एका गटाने दोन वेळा अडवू नयेत म्हणून त्या रकान्याला काउंटइफचं (एक नोंद किती वेळा आली ते मोजणारं) सूत्र लावून दुहेरी नोंद नाकारायला सांगा. मात्र कोणी दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर हा नियम निसटतो. 'माझं नाव कोणी पुसलं' हा वाद आला की व्हर्शन हिस्टरी उघडा. मुलं आपापल्या खात्यातून शिरली असतील तर कोणी, कधी बदललं ते दिसतं. लिंकवरून निनावी शिरायची मुभा असेल तर नाव कळत नाही.

गूगल फॉर्म या कामाला घेऊ नये. एक पर्याय एकाने निवडला तरी तो आपोआप बंद होत नाही. सगळ्यांना दुपारचीच वेळ हवी असते आणि मग वाटप हातानेच करावं लागतं.

व्हॉट्सॲप पोलबद्दल

१२ पर्यायांच्या वर जात नाही, आणि एका पर्यायावर किती जण याला मर्यादा लावता येत नाही. 'मंगळवार की गुरुवार' एवढंच विचारायला चांगला.

पदव्युत्तर, प्रबंध मार्गदर्शन

मुलं थोडी आणि भेट २० मिनिटांची असेल तर गूगल कॅलेंडरचं अपॉइंटमेंट शेड्यूल पुरेसं आहे. साध्या खात्यावरही एक बुकिंग पान मिळतं. तीन गोष्टी पहिल्याच दिवशी भरा: दोन भेटींमधलं अंतर ५ मिनिटं, दिवसाला जास्तीत जास्त ६ भेटी, आणि नोंदणी किमान १२ तास आधी. शेवटची अट विसरली तर सकाळी साडेआठला नऊची वेळ घेतली जाते आणि मसुदा न वाचताच बसावं लागतं. स्वतःची लेक्चरंही त्याच कॅलेंडरवर हवीत, नाहीतर ते पान तीही वेळ मोकळी दाखवतं.

तंत्रनिकेतन

सात-सात मिनिटांच्या वेळा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. २:२१ ला कोण येतं? गठ्ठ्याने बोलवा. २ ला तिघं, २:२५ ला तिघं, २:५० ला तिघं. तिघांना २१ मिनिटं, ४ हाताशी. एक गैरहजर असला तरी दुसरा दाराशी असतो, शिक्षक रिकामा बसत नाही. एकाला दहा मिनिटं लागली तर दुसऱ्याच्या चारात भरून निघतं. थांबणाऱ्यांसाठी बाहेर बाक हवा. व्हरांड्यात उभं राहायला लागलं की मुलं कँटीनला जातात आणि परत येत नाहीत.

अमेरिकेतली मराठी शाळा, झूमवर तोंडी परीक्षा

परीक्षक पुण्यात असेल तर तक्त्यात दोन्हीकडची वेळ लिहा. न्यूयॉर्कचे सकाळचे ९:३० म्हणजे उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे ७, हिवाळ्यात ८. मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार हे घड्याळ बदलायचे दिवस. त्या आठवड्यात परीक्षा ठेवू नये. वेटिंग रूम सुरू ठेवा आणि मुलांना नावाआधी वेळ लिहायला सांगा, '९:४० सई' असं. आत कोणाला घ्यायचं ते नजरेला लगेच दिसतं.

ग्रामीण महाविद्यालय

वेळ कशीही लावा, आधी एसटीच्या पासवाल्या मुलांची यादी काढा. साडेचारची गाडी चुकली तर पुढची थेट सहाला असते. त्या मुलांना दुपारी ३ च्या आत, गावातल्यांना नंतर. फोन घरात एकच असतो आणि तो बऱ्याचदा वडिलांकडे शेतावर असतो, म्हणून शीट किंवा लिंक असली तरी तोच तक्ता छापून सूचना फलकावर लागला पाहिजे. पेन सुतळीने फलकाला बांधून ठेवा.