मदत हवी आहे: एडीपी दिल्यावर प्लेटलेट्सचा आकार बदलतो, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत

मानवी प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी), धुतलेल्या, म्हणजे प्लाझ्मा काढून टाकलेल्या. टायरोड बफर, कॅल्शियम २ मिलिमोलर, मायक्रोलिटरला अडीच लाख, ३७ अंश, ढवळणी १००० आरपीएम. १० मायक्रोमोलर एडीपी (प्लेटलेट्सना चेतवणारा रेणू) टाकलं की अ‍ॅग्रिगोमीटरची रेघ (प्लेटलेट्स चिकटल्या की ती वर चढते) किंचित खाली येते, तिची थरथर थांबते आणि ती तिथेच बसून राहते. थ्रॉम्बिनला (दुसरा, जोरदार चेतक) मात्र सरळ वर चढते, म्हणजे कॅल्शियमचा दोष नाही.

आकारबदल होतोय, म्हणजे पी२वाय१ (एडीपीचा एक रिसेप्टर) आणि त्याची पुढची साखळी शाबूत: जीक्यू प्रथिन, फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम, पेशीतलं कॅल्शियम. धुताना अ‍ॅपायरेज (एडीपी खाणारं एन्झाइम) कमी पडून पी२वाय१ बधिर झाला असता, तर आधी हा आकारबदलच गेला असता.

पहिला संशय फायब्रिनोजेनवर (प्लेटलेट्सना एकमेकींशी जोडणारं प्रथिन), कारण बाहेरून घातलेलं नाही. थ्रॉम्बिन ते प्लेटलेट्समधल्या अल्फा कणिकांतून बाहेर काढतं. एडीपीला धुतलेल्या पेशींत ते नीट जमत नाही. दुसरा संशय पी२वाय१२ या एडीपीच्या दुसऱ्या रिसेप्टरवर: दात्याच्या पोटात क्लोपिडोग्रेल (तो बंद करणारं औषध) गेलं असेल, तर त्या प्लेटलेट्स मरेपर्यंत तो रिसेप्टर बंदच. (अ‍ॅस्पिरिनने इतकं सपाट होत नाही.)

फायब्रिनोजेन मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम पुरेल का? आणि पी२वाय१२ तपासायला व्हॅस्प फॉस्फोरिलेशन (व्हॅस्प या प्रथिनावर किती फॉस्फेट बसलं ते पाहणारी चाचणी) धुतलेल्या पेशींवर करताना पीजीई१ (ते फॉस्फेट चढवायला घालतात ते प्रोस्टाग्लँडिन) किती आणि किती मिनिटं ठेवता?