नवरात्रात बिष्णुपूरला जायचंय, पण घरात घट असतात

रंकाळाकर:
मंडळी, बंगालमधल्या बिष्णुपूरला कोण जाऊन आलंय का? विटांची देवळं बघायचीत आणि तिथला देवीचा उत्सवपण. आई यायला तयार आहे पण म्हणते घट बसले की घर सोडायचं नाही, आणि उपवासात तिकडं मासे शिजतात म्हणून वेगळंच टेन्शन. काय करावं?

पेठेतला_पोरगा:
भावा, बंगालात नवमीला मटण खातात, तेपण कांदा-लसूण न घालता, त्याला निरामिष म्हणजे शाकाहारी म्हणतात 😂 तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हे झेपायचं नाय. काकूंनी काळजी करू नये पण, पूजेचा भोग म्हणजे खिचडीच असते बऱ्याच ठिकाणी.

जांभा_दगड:
मी गेलोय. तिथली मृण्मयी ही मल्ल राजांची कुलदेवता, देऊळ इ.स. 997 चं सांगतात. मूर्ती मातीची, पण विसर्जन होत नाही. भारी गोष्ट अशी की बाकी बंगालात षष्ठी-सप्तमीला गडबड सुरू होते आणि इथं बारा-तेरा दिवस आधीच, भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे आपल्या अविधवा नवमीला! त्या दिवशी मोठी ठाकुराणी म्हणजे थोरली देवी येते, मूर्ती नाही बरं का, कापडावर रंगवलेला पट, आणि तोफा उडतात. मग मधली येते, धाकटी येते. हे पट फौजदार घराण्यातले चित्रकार काढतात, तेच लोक दशावतारी पत्तेपण करतात, गोल, 120 पानांचे, सेम आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखे. आपल्याकडं कोल्हापुरात घटस्थापनेला अंबाबाईच्या देवळात तोफेची सलामी असते ना, मला तिथं उभं राहून तेच आठवलं.
देवळांचं म्हणाल तर दगड कमी म्हणून सगळा कारभार भाजलेल्या विटांचा. रासमंच 1600 च्या सुमारास मल्ल राजा बीर हंबीरानं बांधला, खाली जांभ्याचा चौथरा आणि वर पिरॅमिडसारखं छप्पर, रासाच्या उत्सवाला गावातल्या सगळ्या देवळांतले राधाकृष्ण तिथं आणून बसवायचे. श्यामराय देऊळ 1643 चं, जोडबांगला देऊळ 1655 चं, भिंतीवर रामायण-महाभारत नुसतं खच्चून भरलंय. काळ्या दगडातलं देऊळ बघत मोठं झालेल्या माणसाला मातीत एवढं बारीक काम पटतच नाही आधी.

कोहळा_ताई:
त्यांच्याकडं नवमीला कोहळ्याचा बळी देतात, बोकडाच्या ऐवजी. आपल्या टेंबलाईला ललिता पंचमीला कोहळा फोडतात तसंच की हे! काकूंना हे सांगा, परकं वाटणार नाही.

जांभा_दगड:
हो बरोबर. आणि दादा, घटाचा प्रश्न सुटतोय बघा. वद्य नवमीला मोठी ठाकुराणी बघा आणि घटस्थापनेआधी घरी. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं हावडा, तिथून साडेतीन-चार तास रेल्वे. फक्त अष्टमी-नवमीच्या मधल्या संधीपूजेची तोफ चुकेल, तीच खरी बघण्यासारखी, पण काय करणार.

रंकाळाकर:
आईला सांगितलं. पहिलं वाक्य, "पितृपक्षात देवी आणतात??" दुसरं, "आणि आजीची अविधवा नवमी कोण करणार?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी वहिनी म्हणाल्या मी करते, तुम्ही जावा. पण कोहळ्याचं ऐकून आईला आता नवमीपण बघायचीय 🙏 पुढच्या वर्षी घट धाकट्या काकांकडं बसवायचं घाटतंय, तोवर ह्या खेपेची तिकिटं काढतोय.